खाजेवरचे मलम : भीती नको, माहिती हवी

स्त्रियांच्या आरोग्याविषयी आपण बोलू लागलो की बाळंतपण, रक्तक्षय, पांढरे पाणी, नसबंदी, गर्भपिशवीची शस्त्रक्रिया हे विषय निघतात. ते निघायलाच हवेत. पण गावातली बैठक संपून चहा आला की बायका हळूच हात पुढे करतात. बोटांच्या बेचक्यांत सोललेली कातडी, तळव्यांना भेगा, मनगटावर लाल चट्टे, पायांच्या बोटांत चिखल्या, गळ्यावर मंगळसूत्राखाली काळवंडलेली खाजरी पट्टी. "रात्री झोप लागत नाही," एवढेच त्या सांगतात. खाजेने कोणी मरत नाही, म्हणून तिची नोंद कुठे होत नाही. तिच्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात जावे, हे घरात कोणाला पटत नाही. पुष्कळदा त्या बाईलाही पटत नाही. मग उरते ती मेडिकलमधून आणलेली मलमाची नळी.

या नळीविषयी आपल्यात दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत म्हणते, "लावा, दोन दिवसांत बरे वाटते." दुसरे म्हणते, "त्यात स्टेरॉइड असते, ते विष आहे, हात लावू नका." पहिल्या मतामुळे कितीतरी बायकांचे चेहरे कायमचे बिघडले आहेत. दुसऱ्या मतामुळे इसबाने हैराण झालेली बाई साध्या, स्वस्त, गुणकारी औषधाला मुकते. मला ही दोन्ही मते सारखीच घातक वाटतात, कारण दोन्ही बाईच्या हाती माहिती देत नाहीत. एक तिला गिऱ्हाईक समजते आणि दुसरे अजाण पोर. सौम्य स्टेरॉइड मलम हे चांगले औषध आहे. नीट वापरले तर ते सुरक्षित आहे. ते नीट वापरायला माहिती, थोडी विश्रांती आणि जवळ दवाखाना लागतो. या तिन्ही गोष्टी बाईला नाकारल्या जातात, म्हणून हा केवळ डॉक्टरांचा विषय राहत नाही, तो आपल्या चळवळीचा विषय होतो.

खाज कामातून येते

गोंदिया जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा. जुलै-ऑगस्टात रोवणी चालते. वाकून एकेक रोप चिखलात खोचण्याचे हे काम बायकांचे. दिवसभर अनवाणी पाय बांधीच्या पाण्यात, हात चिखलात. कातडी भिजून पांढरी पडते, मऊ होते, फाटते, आणि फटीतून बुरशी शिरते. त्यालाच आपण चिखल्या म्हणतो. पुढे निंदणाला गेले की गाजरगवताशी गाठ पडते, त्याने हात, मान आणि पापण्यासुद्धा सुजतात. जंगलात गेलेल्या बाईला बिब्ब्याचा चीक लागला तर कातडी भाजल्यासारखी होते. बिडी वळणारीच्या मांडीवर दिवसभर सूप आणि बोटांत तंबाखू. घरी आल्यावर भांडी आहेत, धुणे आहे, साबणचुरा आणि सोडा आहे. सतत ओले-सुके होणाऱ्या हातांचे नैसर्गिक तेल निघून जाते आणि हाताचा इसब सुरू होतो.

यात सौभाग्यलेण्यांचीही भर आहे. टिकलीच्या मागच्या गोंदात असे एक रसायन असते की काही बायकांच्या कपाळावर आधी खाज सुटते आणि नंतर पांढरा डाग पडतो. नकली मंगळसूत्रातल्या, बांगड्यांतल्या निकेल धातूने गळा आणि मनगट खाजते. यावर खरा उपाय म्हणजे ती वस्तू काढून ठेवणे. पण कपाळ आणि गळा मोकळा ठेवला तर लोक काय म्हणतील, या धाकाने बाई टिकली काढत नाही. खाली मलम आणि वर टिकली, असे वर्षानुवर्षे चालते. औषधाने आग थोडी शमते आणि आग लावणारी वस्तू जागेवरच राहते. बाईच्या बहुतेक दुखण्यांची गत अशीच असते.

मलम करते काय

आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात. त्या शरीरात जो नैसर्गिक स्टेरॉइड तयार करतात, तोच हायड्रोकॉर्टिसोन या नावाने औषध म्हणून मिळतो. १९५२ साली तो प्रथम कातडीवर लावून गुण आल्याचे प्रसिद्ध झाले आणि इसबाच्या उपचारात मोठा बदल झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे मलम आहे. तेव्हा 'विष' हा शब्द आपण जपून वापरावा.

हे मलम दाह कमी करते. लाली, सूज, खाज उतरवते. त्यामुळे खाजवणे थांबते आणि कातडीला भरून यायला सवड मिळते. पण ते बुरशी मारत नाही, खरजेचा किडा मारत नाही, जंतू मारत नाही. उलट कातडीची जंतूंशी लढण्याची शक्ती तेवढ्यापुरती मंदावते. म्हणून नायट्यावर स्टेरॉइड लावले की पहिले दोन-चार दिवस खाज जाते, बाईला वाटते गुण आला, आणि आतून बुरशी पसरत राहते. नायट्याची गोल कडा पुसट होते आणि पुढे डॉक्टरलाही तो ओळखू येत नाही. गेल्या काही वर्षांत नायटा घराघरांत ठाण मांडून बसला आहे आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. २०२० साली शास्त्रज्ञांनी या हट्टी बुरशीला वेगळे नावही दिले, आणि त्या नावात 'इंडो' म्हणजे भारत आहे. स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषध एकाच नळीत कोंबून विकलेल्या मिश्रणांकडे याचे एक मोठे कारण म्हणून त्वचारोगतज्ज्ञ बोट दाखवतात.

सगळी स्टेरॉइड मलमे सारखी नसतात, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला पाठ असावे. त्यांच्या चार पायऱ्या आहेत. सर्वांत सौम्य एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन. त्यावर मध्यम, उदाहरणार्थ क्लोबेटासोन. त्यावर तीव्र, जसे बीटामेथासोन व्हॅलरेट आणि मोमेटासोन. सगळ्यांत वर अतितीव्र क्लोबेटासोल. क्लोबेटासोन आणि क्लोबेटासोल या दोन नावांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि ताकदीत दोन पायऱ्यांचा. नळीवरच्या टक्क्यांवर तर मुळीच जाऊ नये. क्लोबेटासोलच्या नळीवर ०.०५ टक्के लिहिलेले असते आणि हायड्रोकॉर्टिसोनच्या नळीवर १ टक्का. आकडा लहान म्हणून औषध सौम्य, असे समजणारी बाई सर्वांत जहाल औषध चेहऱ्याला लावून बसते. म्हणून औषधाचे नाव वाचायचे.

सौम्य मलम वापरायचे कसे

आधी हे मलम कशावर लावायचे नाही ते पाहू. कडा उठावदार आणि मधे साफ असा गोल चट्टा असेल तर तो बहुधा नायटा असतो. घरातल्या सगळ्यांनाच रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत आणि बेंबीभोवती पुटकुळ्या असतील, तर ती खरूज, आणि तिचे औषध वेगळे असून ते घरातल्या सर्वांनी एकाच वेळी लावायचे असते. चट्टा फिकट किंवा लालसर आहे, खाजत नाही आणि तिथे स्पर्श कळत नाही, तर मलम न लावता कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायची. आपल्या पूर्व विदर्भात हा रोग अजून आहे आणि त्याचे औषध सरकारी केंद्रात मोफत मिळते. पू असेल, उघडी जखम असेल, मुरुमे असतील, चिखल्या असतील, तिथेही स्टेरॉइड नको. डोळ्यांच्या जवळ, चेहऱ्यावर आणि योनीमार्गाच्या बाहेरच्या भागावर डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय मुळीच नको. तिथली कातडी पातळ असते, औषध जास्त शोषले जाते.

इसब आहे, साबण किंवा दागिन्याने आलेली खाज आहे, किडा चावून सूज आली आहे, अशा वेळी सौम्य मलम उपयोगी पडते. दिवसातून एकदा किंवा दोनदा, पातळ थर, फक्त दुखऱ्या जागेवर. प्रमाणासाठी सोपे माप आहे. नळीतून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेघेपर्यंत मलमाची रेघ काढायची. हे साधारण अर्धा ग्रॅम होते आणि मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. एका हाताला मागून-पुढून तेवढे एक बोट बास. भीतीने कणभर लावून उपयोग नाही आणि तेलासारखे चोपडूनही नाही. आठवडाभरात गुण आला नाही किंवा खाज वाढली, तर मलम बंद करून डॉक्टरला दाखवायचे. त्याच नळीची दुसरी, तिसरी खेप आणायची नाही आणि आपल्या मनाने वरच्या पायरीचे औषध तर अजिबात नाही.

हाताला लावायचे तर रात्री सगळी कामे उरकल्यावर लावावे, नाहीतर ते कणकेत आणि भांड्याच्या पाण्यात जाते. इतर ठिकाणी लावल्यावर हात धुवावेत. वरून पट्टी किंवा प्लास्टिक बांधू नये, कारण झाकल्याने औषधाचा जोर वाढतो. बाळाचा लंगोटही अशी झाकणच असतो. दहा वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला डॉक्टरला विचारूनच लावावे. अंगावर पाजणाऱ्या बाईने स्तनाला मलम लावले असेल तर पाजण्याआधी ते धुऊन टाकावे.

आणि रोजचे खरे औषध वेगळेच आहे. कातडी मऊ ठेवणे. त्याला महागडे क्रीम लागत नाही. साधी व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चालते. आपल्याकडे भेगांना मोहाच्या बियांचे, म्हणजे टोरीचे, तेल लावतातच. हात धुतल्यावर प्रत्येक वेळी ते लावायचे. त्यात आणि स्टेरॉइड मलमात अर्ध्या तासाचे अंतर ठेवायचे. एक धोका मात्र लक्षात असू द्या. व्हॅसलीनसारखे पदार्थ कपड्यात मुरले की कपडा लवकर पेट घेतो. चुलीपुढे बसणाऱ्या बाईने असा पदर किंवा चिंधी जाळापासून दूर ठेवावी.

गोरेपणाचा बाजार

हेच औषध चेहऱ्यावर येते तेव्हा गोष्ट बदलते. जोरकस स्टेरॉइड लावले की काही दिवस कातडी फिकट, गुळगुळीत दिसते. त्यावर एक सगळा बाजार उभा आहे. वांगावरचे, डागांवरचे, 'चेहरा उजळ करणारे' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक नळ्यांत स्टेरॉइड असते. महिने उलटतात. कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरुमे उठतात, हनुवटीवर केस येतात, उन्हात आग होते. नळी बंद केली की चेहरा लाल होऊन पेटतो, म्हणून बाई पुन्हा तीच नळी लावते. हे व्यसनासारखेच चक्र आहे. अशा बाईने घाबरून आणखी कडक औषध घेऊ नये, त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. यातून बाहेर पडता येते, पण वेळ लागतो.

२०११ साली त्वचारोगतज्ज्ञांनी देशातल्या १२ केंद्रांतला एक अभ्यास प्रसिद्ध केला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवले होते, आणि अशा २३२ जणांना मिळालेले औषध तीव्र किंवा अतितीव्र होते. कोणी सुचवले असेल याची कल्पना आपण करू शकतो. दुकानदार, शेजारीण, ब्युटी पार्लर, बहीण. वाईट हेतूने कोणी सुचवत नाही. मुलगी सावळी आहे, बघायला पाहुणे येणार आहेत, एवढे कारण पुरते.

गोरेपणाचे क्रीम या देशात १९७५ पासून घराघरांत शिरले. २०१४ साली जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने सावळ्या रंगाला कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत असे नियम केले. २०२० साली सर्वांत खपाच्या क्रीमने नावातला 'फेअर' शब्द काढला. नाव बदलले, हुंड्याच्या बोलणीत मुलीचा रंग मोजणे बदलले नाही. तो बदलण्याचे काम जाहिरातवाले करणार नाहीत, ते आपल्यालाच करावे लागेल.

कायदा आहे, दवाखाना लांब आहे

बाहेरून लावायच्या स्टेरॉइडांना चिठ्ठीशिवाय विक्रीची जी सूट होती, ती मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांपुरती काढून घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत स्टेरॉइडची काही मिश्रमलमेही होती. दोन्ही निर्णयांचे स्वागत केले पाहिजे. औषधांच्या प्रश्नावर स्त्री-संघटना नव्याने उतरत आहेत असेही नाही. जास्त मात्रेच्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन औषधांवर १९८२ साली बंदी आली, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि १९८८ पर्यंत आपल्या आधीच्या मैत्रिणी ती लढाई लढल्या. बंदीचा कागद निघाला म्हणजे काम झाले असे नसते, हे आपण तिथेच शिकलो.

आता केवळ बंदी मागितली तर काय होईल? सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांच्या टोकाच्या गावांतून गोंदियाला यायचे म्हणजे दिवस गेला, मजुरी गेली, बसचे भाडे गेले. २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठी सोय आहे. पण खाजेसाठी तिथवर कोण जाणार? चिठ्ठीची सक्ती करायची आणि चिठ्ठी लिहिणारा जवळ ठेवायचा नाही, हा न्याय नव्हे. त्यातून दुकानदाराचा चोरटा व्यवहार आणि बोगस डॉक्टरची इंजेक्शने एवढेच वाढेल. म्हणून नियमाच्या अंमलबजावणीबरोबर आपण सेवा मागितली पाहिजे. ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञ हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सौम्य स्टेरॉइड मलम, नायट्याचे आणि खरजेचे औषध बाराही महिने हवे, निदान रोवणीच्या दिवसांत तरी संपलेले नको. नळीवर मोठ्या मराठी अक्षरांत 'यात स्टेरॉइड आहे, चेहऱ्याला लावू नका' असे छापलेले हवे. आशाताईंना या विषयाचे प्रशिक्षण हवे, आणि ते आपल्याकडे पोवारीत आणि गोंडीतही समजावता यायला हवे.

एक मागणी सरकारकडे करता येत नाही, ती घराकडे करायची आहे. दवाखान्यात गेलेल्या बाईला डॉक्टर सांगतात, "हात पाण्यात घालू नका, कोरडे ठेवा." सल्ला बरोबर आहे. पण तो देताना कोणी विचारत नाही की मग भांडी कोण घासणार. हाताच्या इसबाला पंधरा दिवस कोरडे हात मिळाले तर सौम्य मलमावर काम भागू शकते. ते मिळत नाहीत, म्हणून खाज परत येते, म्हणून नळी जास्त कडक होत जाते. बाईला सौम्य औषध पुरायचे असेल तर तिच्या नवऱ्याने आणि मुलांनी भांड्यांना हात लावला पाहिजे. शेतमालकाने रोवणीच्या मजुरिणींना बांधीतून निघाल्यावर पाय धुवायला स्वच्छ पाणी आणि पुसून कोरडे करायला वेळ दिला पाहिजे. हे औषधोपचाराचेच भाग आहेत आणि ते कुठल्याही चिठ्ठीवर लिहिलेले नसतात.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक साधा कार्यक्रम करू या. प्रत्येकीने घरात असतील त्या सगळ्या मलमाच्या नळ्या घेऊन यायचे. ज्यांना वाचता येते त्यांनी बारीक अक्षरांतले औषधाचे नाव मोठ्याने वाचायचे, मग शाळेतल्या मुलींची मदत घ्यावी लागली तरी चालेल. वरच्या चार पायऱ्यांपैकी ते कोणत्या पायरीवर बसते ते फळ्यावर लिहायचे. कोणी सुचवले, कुठे लावतो, किती दिवस झाले, हे विचारायचे. ज्यांचे चेहरे बिघडले आहेत त्यांना दोष द्यायचा नाही, त्यांना सोबत करून दवाखान्यात न्यायचे. महिनाभर बंद न करता कडक मलम लावणारी कोणी असेल, तिला एकदम थांबवण्याऐवजी आधी डॉक्टरकडे पोचवायचे. आणि फळ्यावरची यादी घेऊन आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटायचे, की आमच्या गावात हे असे चालू आहे, तुमच्याकडे यावर काय आहे ते सांगा.